दारूतले उष्मांक आणि शाळेतले भित्तिपत्रक

गांधीजयंतीच्या आठवड्यात आणि २६ जूनच्या सुमारास शाळांच्या भिंतींवर व्यसनमुक्तीची भित्तिपत्रके लागतात. जालना जिल्ह्यातल्या निरनिराळ्या शाळांत अशी भित्तिपत्रके आम्ही गेली काही वर्षे पाहत आलो आहोत. कागद बदलतो, अक्षर बदलते, पण तीन विधाने हटकून भेटतात. पहिले, ‘दारूत शरीराला उपयोगी असे काहीही नसते.’ दुसरे, ‘दारूने माणूस खंगतो.’ तिसरे, ‘दारूने चरबी वाढते.’ शेवटची दोन विधाने कधीकधी एकाच भिंतीवर शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्यातली विसंगती कोणालाच खटकत नाही.

मुलांना मात्र ती खटकते. नववीतला एखादा विद्यार्थी उठून विचारतो, “सर, आमच्या गल्लीतले एक काका रोज घेतात, ते तर चांगले जाडजूड आहेत. आणि दुसरे एक घेतात, त्यांच्या हाडांची काडं झालीत. मग खरं काय?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. समोर जे दिसते आणि भिंतीवर जे लिहिलेले आहे त्यांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न आहे, आणि विज्ञानाची सुरुवात अशीच होत असते. “गप्प बस, दारू वाईटच असते,” हे त्याचे उत्तर नव्हे. दारू वाईट आहे हे त्या मुलाला बहुधा शिक्षकांपेक्षा जास्त जवळून माहीत असते.

या तीन विधानांची तपासणी इथे करायची आहे. हेतू चांगला आहे म्हणून चुकीचे शास्त्र खपवून घ्यावे, हे आम्हांला मान्य नाही. त्याचे एक कारण असे की या चुकीला जुना आणि बोधप्रद इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत दारूबंदीच्या चळवळीतील स्त्रियांच्या एका मोठ्या संघटनेने शालेय पाठ्यपुस्तकांवर पकड बसवली होती. मेरी हंट या बाईंच्या पुढाकाराने राज्याराज्यांत कायदे झाले आणि विसावे शतक सुरू होताना जवळजवळ सगळ्या अमेरिकन शाळांत ‘दारू हे विष आहे, ते अन्न असूच शकत नाही’ असे शरीरशास्त्राच्या पुस्तकात शिकवले जाऊ लागले. त्याच काळात कनेटिकट राज्यातील मिडलटाऊन येथे विल्बर अ‍ॅटवॉटर हे शास्त्रज्ञ माणसाला खोलीएवढ्या एका बंद पेटीत ठेवून तो किती उष्णता बाहेर टाकतो, हे मोजत होते. पोळी, दूध, मांस यांचे उष्मांक मोजून झाल्यावर त्यांनी दारूकडे मोर्चा वळवला. दिवसाला सुमारे ७२ ग्रॅम शुद्ध मद्यार्क थोडा थोडा करून दिला, तेव्हा त्यातला ९८ टक्क्यांहून अधिक भाग शरीरात जळून गेला आणि त्याची उष्णता हिशेबात बरोबर सापडली. म्हणजे दारूतून ऊर्जा मिळते. हे प्रसिद्ध होताच गदारोळ झाला. दारूचे कारखानदार खूश झाले, चळवळीतल्या बाया संतापल्या. अ‍ॅटवॉटर स्वतः एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव, संयमाचे पुरस्कर्ते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की मुलांना खोटे शिकवून संयम शिकवता येत नाही. जेवणाच्या प्रत्येक वेष्टनावर आज जे उष्मांक छापलेले असतात त्यांचा हिशेब मुळात याच गृहस्थांच्या पद्धतीवर उभा आहे : पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने एका ग्रॅमला ४, स्निग्ध पदार्थ ९ आणि मद्यार्क ७. (इथे ‘उष्मांक’ म्हणजे किलोकॅलरी. बोलताना आपण तिलाच कॅलरी म्हणतो.)

तेव्हा पहिले विधान तिथेच पडते. दारूत ऊर्जा असते आणि ती थोडीथोडकी नसते. साखरेच्या जवळजवळ पावणेदोन पट असते. शाळेत स्पिरिटचा दिवा असतोच. त्याचे आधी आणि नंतर वजन करून, वर चंचुपात्रात १०० मिलिलिटर पाणी ठेवून, १ ग्रॅम स्पिरिट जळल्यावर पाणी किती अंशांनी तापले ते पाहावे. उष्णता अजिबात वाया गेली नाही तर तापमान सुमारे ७० अंशांनी वाढायला हवे. प्रत्यक्षात निम्मी किंवा त्याहून जास्त हवेत जाते. मग सुईला टोचलेला शेंगदाण्याचा दाणा पेटवून त्याच पात्राखाली धरावा. मुलांना दोन्ही ज्योती सारख्याच वाटतात. (दिव्यातले स्पिरिट विषारी केलेले असते, हे प्रयोगाआधी बजावून सांगावे आणि बाटली शिक्षकांनी स्वतःच्या हातात ठेवावी.) ज्योतीवरून ऊर्जा कळते, पण शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे २५ ग्रॅम प्रथिने आहेत आणि स्पिरिटमध्ये शून्य, हे ज्योत सांगत नाही. पुढचा सगळा विषय या एका वाक्यात आहे.

आता हिशेब भाकरीत मांडू. उष्मांक हा शब्द फळ्यावर राहतो, भाकरी घरी जाते.

विदेशी पद्धतीच्या दारूच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा चमत्कारिक आकडा असतो. तो जुन्या इंग्रजी ‘प्रूफ’ पद्धतीतून आलेला आहे. त्या पद्धतीत ‘प्रूफ’ म्हणजे ५७.१ टक्के मद्यार्क, आणि त्याहून २५ टक्क्यांनी सौम्य म्हणून ४२.८. १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये त्या हिशेबाने ७७ मिलिलिटर मद्यार्क असतो. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका. एका मिलिलिटरला ०.७८९ ग्रॅम, म्हणून वजन भरते सुमारे ६१ ग्रॅम. त्याला ७ ने गुणले की ४२५ उष्मांक. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅममागे ३४९ उष्मांक धरले जातात, म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत २१० च्या जवळपास. तर एक क्वार्टर म्हणजे दोन भाकरींची ऊर्जा. फरक असा की त्या दोन भाकरींत साडेबारा ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ पाच मिलिग्रॅम लोह असते, शिवाय ब गटातली जीवनसत्त्वे आणि कोंड्याचा तंतुमय भाग. क्वार्टरमध्ये यातले काहीच नाही.

बिअर ‘हलकी’ म्हणून घेणाऱ्यांसाठीही हिशेब करून ठेवावा. ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत ५ टक्के मद्यार्क असेल तर त्याचे १८०, आणि शिल्लक राहिलेल्या पिष्टमय भागाचे ८० च्या आसपास, मिळून २६० उष्मांक. ‘स्ट्राँग’ म्हणजे ८ टक्क्यांची असेल तर ३६५ पर्यंत. आणि वाइनचा १५० मिलिलिटरचा पेला १२ टक्क्यांचा धरला तर मद्यार्काचे १०० उष्मांक. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय केला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे एक वाक्य राज्यभर गाजले. द्राक्ष बागायतदाराच्या पदरात काय पडते हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे. जालन्याजवळ कडवंचीसारखे गाव पाणलोटाच्या कामानंतर द्राक्षांवर उभे राहिले, तिथल्या शेतकऱ्याला भाव मिळावा असे कोणाला वाटणार नाही? पण यकृताला बाटलीवरचे नाव वाचता येत नाही. त्याला १४ ग्रॅम मद्यार्क दिसतो.

या यकृताकडेच आता वळायला हवे, कारण नववीतल्या त्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

अन्नातून आलेली ऊर्जा शरीर साठवू शकते. साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन म्हणून, स्निग्ध पदार्थ चरबी म्हणून. मद्यार्क साठवायला शरीरात कोठार नाही. तो आला की जाळूनच टाकावा लागतो, आणि तोही आधी. यकृतातले एक विकर त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड करते, दुसरे विकर त्याचे अ‍ॅसिटेट करते. पहिले रूप विषारी, दुसरे निरुपद्रवी. अ‍ॅसिटेट रक्तातून स्नायूंकडे, हृदयाकडे जाते आणि तिथे इंधन म्हणून जळते. हा सगळा उद्योग एका ठरावीक गतीने चालतो. साधारण प्रौढ माणसात तासाला ७ ते १० ग्रॅम. गडी ऊस तोडत असो की खाटेवर पडलेला असो, ही गती जवळपास तीच.

या एका गोष्टीने ‘दारूने ताकद येते’ या समजुतीचे उत्तर मिळते. मंठा, घनसावंगी, परतूर या भागांतून दरवर्षी हजारो जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला जातात. अंग मोडून येणाऱ्या कामानंतर, आणि काही वेळा कामाआधीही, दारू घेतली की शीण जातो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. शीण जाणवत नाही हे खरे, कारण मेंदू गुंगतो. पण ताशी ८ ग्रॅम म्हणजे ताशी ५६ उष्मांक. कोयता चालवायला तासाला याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते, आणि काम वाढले म्हणून यकृत दारू अधिक वेगाने जाळत नाही. अवजड काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ३,४७० उष्मांक लागतात असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. ते भाकरी, डाळ आणि तेलातूनच यावे लागतात. थंडीचेही तसेच. कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, कातडी उबदार लागते, पण आतली ऊब बाहेर जाते. उसाच्या फडात डिसेंबरच्या पहाटे हा सौदा महागात पडतो.

आता वजन. क्वार्टरमधले ६१ ग्रॅम जाळायला ताशी ८ ग्रॅमच्या हिशेबाने साडेसात तास लागतात. रात्री नऊला घेतलेली दारू पहाटे साडेचारपर्यंत जळत राहते. तेवढा वेळ शरीर दुसरे इंधन मागे सारते, आणि त्यात सर्वांत जास्त मागे पडते ती चरबी. १९९२ साली स्वित्झर्लंडमधील सूटर, शुट्झ आणि जेकिए यांनी अ‍ॅटवॉटरच्याच धाटणीच्या बंद खोलीत आठ निरोगी पुरुषांवर हे मोजले. आहारातल्या ऊर्जेच्या पावपट मद्यार्क दिला तर चोवीस तासांत जळणारी चरबी सुमारे एक तृतीयांशाने घटली. नेहमीच्या जेवणावर दारू जास्तीची दिली काय किंवा जेवण कमी करून दिली काय, परिणाम सारखाच. पुढे १९९९ मध्ये आणखी एका प्रयोगात दिसले की घेतलेल्या मद्यार्कापैकी प्रत्यक्ष चरबीत रूपांतर होणारा भाग पाच टक्क्यांहूनही कमी असतो.

म्हणजे ‘दारूची चरबी होते’ हे भित्तिपत्रकातले वाक्य शब्दशः चूक आहे. दारूची चरबी फारशी होत नाही. दारूसोबत जे खाल्ले त्याची चरबी जळायची राहून जाते. आणि सोबत काय खाल्ले जाते? शेव, फरसाण, भजी, खारे शेंगदाणे. अर्धी वाटी, साधारण पन्नास ग्रॅम शेंगदाणे म्हणजे २८० उष्मांक. दारू भूक चाळवते आणि हात आखडण्याची बुद्धी काढून घेते. चकण्यावर मग घरी जाऊन जेवणही. जाडजूड काकांचे कोडे इथे सुटते : ते दारूबरोबर खातात, पोटभर खातात, आणि बहुधा त्यांना ते परवडते.

दुसऱ्या काकांचे कोडे अधिक अवघड आहे. काही भित्तिपत्रकांवर, आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या तक्त्यांतही, असा गुणाकार असतो : रोज ४२५ उष्मांक, महिन्याला १२,७५०. एक किलो चरबी म्हणजे ७,७००, तेव्हा महिन्याला दीड किलोहून जास्त वजन वाढणार! या हिशेबाने रोज क्वार्टर घेणाऱ्याचे वर्षाला वीस किलो वजन वाढायला हवे. तसे घडत असते तर गावातले जुने पिणारे ओळखू येण्याची पद्धत वेगळी असती. गुणाकार बरोबर आहे, गृहीतक चूक आहे. मद्यार्क जाळतानाच त्याच्या ऊर्जेचा १५ ते २० टक्के भाग उष्णता म्हणून वाया जातो. सतत जास्त पिणाऱ्याच्या यकृतात याखेरीज एक दुसरी यंत्रणा जोर धरते. चार्ल्स लीबर या न्यूयॉर्कच्या यकृततज्ज्ञाने ती उजेडात आणली. या मार्गाने मद्यार्क जळतो, पण शरीराच्या हाती उपयोगी ऊर्जा लागण्याऐवजी उलट काही खर्च होते. चुलीत लाकूड घालावे आणि ऊब भिंतीला जावी, तसे. पिरोला आणि लीबर यांनी १९७२ साली रुग्णालयात ठेवलेल्या माणसांच्या आहारातली निम्मी ऊर्जा पिष्टमय पदार्थांऐवजी मद्यार्कातून दिली, तेव्हा उष्मांक तेवढेच असूनही वजन घटले. म्हणून एक उष्मांक हा सगळीकडे सारखाच एक उष्मांक, असे मुलांना सांगताना मद्यार्काच्या बाबतीत थोडे थांबावे.

पण आमच्या मते खंगण्याचे मुख्य कारण यापेक्षा साधे आहे : जेवण सुटते. ज्याची रोजची मजुरी मोजकी आहे त्याच्या खिशात दारू आणि जेवण दोन्ही बसत नाहीत. जठराला सूज येते, सकाळी मळमळते, अन्नावरची वासना जाते. भाकरीच्या जागी दारू येते, ऊर्जेची भूक काही अंशी भागते आणि प्रथिनांची, लोहाची भागतच नाही. दंड आणि मांड्या वितळत जातात. याच माणसाचे पोट पुढे आलेले दिसले तर ‘दारूने ढेरी सुटली’ असे गावात म्हणतात. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे ताणलेले, असे दिसले तर ती चरबी नसते. यकृत निबर होऊन पोटात पाणी साठलेले असते. तो जलोदर आहे. ढेरी समजून त्याकडे दुर्लक्ष करण्यात महिने जातात. आरोग्यशिक्षणाच्या एकाही भित्तिपत्रकावर आम्हांला हा फरक काढलेला दिसला नाही. चित्र काढायचेच तर कवटी आणि बाटली काढण्यापेक्षा या दोन पोटांचे काढावे.

आणखी एका शब्दाची झाडाझडती घ्यायला हवी. मद्यार्कातल्या उष्मांकांना ‘रिकाम्या कॅलरी’ म्हणण्याची पद्धत आहे. शब्द सोपा आहे, पण साखरेला लावला तर तो जितका शोभतो तितका दारूला शोभत नाही. साखर रिकाम्या हाताने येणारा पाहुणा आहे. दारू हा जाताना घरातले चार शेर दाणे घेऊन जाणारा पाहुणा आहे. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचे आतड्यातून होणारे शोषण ती अडवते, फोलेटचे अडवते, लघवीवाटे जस्त आणि मॅग्नेशियम घालवते, यकृतातला अ जीवनसत्त्वाचा साठा उपसते. थायमिन नसेल तर मेंदूला साखर नीट जाळता येत नाही. डोळे नीट फिरत नाहीत, चाल लटपटते, गोंधळ उडतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली वर्णन केलेला हा विकार आहे. पुढे स्मरणशक्ती कायमची जाण्यापर्यंत तो मजल गाठतो.

आपल्याकडे या गोष्टीला एक धोकादायक वळण आहे. आठ-दहा दिवस नुसतीच दारू पिऊन पडलेल्या माणसाला घरची माणसे उचलून नेतात आणि ‘अशक्तपणा आलाय, सलाइन लावा’ म्हणतात. सलाइनमधून नुसते ग्लुकोज गेले तर उरलेसुरले थायमिन त्या साखरेसाठी खर्ची पडते आणि दबा धरून बसलेला विकार उघड होऊ शकतो. म्हणून जाणकार डॉक्टर ग्लुकोजच्या आधी किंवा बरोबरीने ब-१ चे इंजेक्शन देतात. डॉक्टरांना ‘हे रोज पितात, आठवडाभर जेवलेले नाहीत’ हे स्पष्ट सांगणे घरच्यांच्या हातात असते. लाजेखातर ते लपवले जाते. विद्यार्थ्यांना हे ठाऊक असावे, कारण कित्येकदा रुग्णाबरोबर दवाखान्यात जाणारा घरातला शिकलेला माणूस तोच असतो.

तशीच दुसरी गोष्ट. उपाशीपोटी भरपूर प्यायल्यावर यकृत मद्यार्कात गुंतते आणि नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मागे पडते. ग्लायकोजेनचा साठा आधीच संपलेला असेल तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, मग बेशुद्धी. बघणारे म्हणतात, “चढलीय, झोपू द्या.” झोपेतून हलवूनही जागा न होणारा माणूस झोपलेला नसतो. त्याला दवाखान्यात न्यायचे असते.

शेवटी धान्याच्या दारूविषयी, कारण जालन्याचा आणि ज्वारीचा संबंध जुना आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात संकरित बियाण्यांची कंपनी काढली. संकरित ज्वारी-बाजरीचे बी इथून देशभर गेले. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कारही या कामाला मिळाला. खरिपाची संकरित ज्वारी लवकर पिकते आणि नेमकी परतीच्या पावसात सापडते. मग कणीस काळे पडते, बुरशी धरते, बाजारात भाव मिळत नाही. २००७ साली राज्य शासनाने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना सवलती देण्याचे धोरण घेतले तेव्हा या काळ्या ज्वारीचा दाखला दिला गेला. डॉ. अभय बंग, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासह अनेकांनी या धोरणाला कडाडून विरोध केला. २००९-१० मध्ये वाद चांगलाच पेटला होता.

या वादात पोषणाचा हिशेब दोन्ही बाजूंनी क्वचितच मांडला गेला. तो वर्गात मांडता येतो. एक टन ज्वारीपासून साधारण ३८० लिटर मद्यार्क निघतो. त्याचे वजन ३०० किलो आणि ऊर्जा २१ लाख उष्मांक. ज्वारीत मुळात जवळजवळ ३५ लाख होते. म्हणजे पाचातले दोन भाग वाटेतच गेले. काही यीस्टने खाल्ले, काही चोथ्यात राहिले. दाण्यातली प्रथिने त्या चोथ्याबरोबर गुरांच्या खुराकात गेली. ऊर्ध्वपातनाला जाळलेले इंधन या हिशेबात धरलेलेच नाही. एका क्वार्टरसाठी दोनशे ग्रॅम ज्वारी, म्हणजे सव्वातीन भाकरी लागतात. हाती येते दोन भाकरींची ऊर्जा, तीही वर सांगितलेल्या अटींवर. काळी ज्वारी माणसाने खाऊ नये हे मान्य. पण गुरांना चालेल अशी ज्वारी गुरांना सरळ घालता येते, आणि सवलती काही काळ्या दाण्यापुरत्या नव्हत्या. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात जनतेचे पोषणमान उंचावणे आणि मादक पेयांवर बंदी आणण्यासाठी प्रयत्न करणे ही राज्याची दोन्ही कर्तव्ये एकत्र लिहिलेली आहेत. नागरिकशास्त्राच्या तासाला तो अनुच्छेद आणि हा गुणाकार शेजारीशेजारी ठेवून पाहावेत.

विरोधकांच्या युक्तिवादातही एक कच्चा दुवा होता, तोही सांगायला हवा. ‘धान्य दारूत जाते म्हणून मुले कुपोषित राहतात’ असे सरळ समीकरण मांडले गेले. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. पण आपल्याकडे प्यायली जाणारी बरीचशी दारू आजही उसाच्या मळीपासून होते, आणि मळी कोणाच्या ताटातून काढून घेतलेली नसते. धान्याऐवजी मळीची दारू प्यायली म्हणून घरातले मूल बाळसे धरत नाही. ताटातली भाकरी कारखान्याच्या दारापाशी कमी होण्याआधी गुत्त्याच्या दारापाशी कमी होते. त्याच पाहणीत राज्यातले १५ वर्षांवरील सुमारे १४ टक्के पुरुष दारू पितात असे दिसले. स्त्रियांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. पिणारा एक आणि खाणारी पाच, त्यांतही सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई. दारूतले उष्मांक पिणाऱ्याच्या शरीरात जातात, पण त्यांचे पैसे अख्ख्या घराच्या ताटातून जातात, हे उष्मांकांच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

ते दिसावे म्हणून एक सोपी कृती सुचवतो. एका क्वार्टरच्या किमतीत आजच्या भावाने किती ज्वारी, किती तूरडाळ आणि किती अंडी येतात, याचा तक्ता मुलांकडून करून घ्यावा. प्रत्येकासमोर उष्मांक, प्रथिने आणि लोह मांडावे. (भाव विचारायला मुलांना दारूच्या दुकानात मुळीच पाठवू नये. तो गावात सगळ्यांना पाठ असतो.) कोणाच्या घरी कोण पितो हे वर्गात विचारू नये, मुलांना सांगूही देऊ नये. आकडे फळ्यावर आले की ज्याला जे समजायचे ते समजते. आणि हा तक्ता पहिल्या सत्रातच व्हावा. दिवाळीनंतर मंठा-घनसावंगीकडच्या वर्गांतली बरीच मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली असतात.